मत्तयची जन्मकथा आणि लूकची जन्मकथा

नाताळच्या गोठ्यात मेंढपाळ आणि तीन राजे एकाच बाळापुढे गुडघे टेकून असतात. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांत, मात्र त्यांची गाठ कुठेच पडत नाही. त्यांपैकी जन्मकथा सांगतात ते मत्तय आणि लूक. मेंढपाळ फक्त लूकमध्ये, मागी लोक (पूर्वेकडचे ज्ञानी, ज्यांना परंपरेने राजे केले) फक्त मत्तयमध्ये. ते राजे होते किंवा तीन होते, असे मत्तयही म्हणत नाही. तीन आहेत त्या भेटी: सोने, ऊद आणि गंधरस. बैल-गाढव तर दोघांतही नाहीत. ‘येशूच्या जन्माची हकीकत इतिहास म्हणून कितपत टिकते?’ असे विचारणाऱ्याने आधी हे दोन वृत्तांत सुटे करावेत. दोन्हींच्या अडचणी वेगळ्या आहेत आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

मत्तय मरीयेचा नवरा योसेफ याच्या बाजूने सांगतो. देवदूत त्याच्या स्वप्नात येतो. कुटुंब बेथलेहेमचेच असावे असे वाटते, कारण मागी येतात ते घरात. तिथला राजा हेरोद गावातल्या दोन वर्षांपर्यंतच्या मुलांना मारायला लावतो, कुटुंब रातोरात मिसरात (इजिप्तमध्ये) निघून जाते आणि त्याच्या मृत्यूनंतर परतते. पण बेथलेहेम ज्यात येते त्या यहूदिया प्रांतात हेरोदाचा मुलगा अर्खेलाव राज्य करतो आहे, म्हणून नासरेथला जाऊन राहते. लूकमध्ये मरीया मुळातच नासरेथची आहे. बेथलेहेमला जावे लागते ते नावनिशीसाठी, म्हणजे सरकारी नोंदणीसाठी. बाळ गव्हाणीत, आठव्या दिवशी सुंता, मग यरुशलेमच्या मंदिरात अर्पण, आणि तिथून परत नासरेथला.

दोन्ही जोडायला घेतले की मिसरचा प्रवास कुठे बसवायचा, हा पेच येतो. बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय 12 प्रमाणे मुलगा झाल्यावर आईचे शुद्धीकरण 40 दिवसांनी. मागी त्याआधी येऊन गेले असतील, तर हेरोदापासून पळणारा योसेफ बाळाला घेऊन हेरोदाच्याच राजधानीत, भर मंदिरात कसा जाईल? ते नंतर आले असतील, तर लूकच्या म्हणण्याप्रमाणे कुटुंब तोवर नासरेथला पोचलेले आहे. ‘ते पुन्हा बेथलेहेमला आले असतील’ हे नेहमीचे उत्तर. पण तसे वाक्य दोघांतही नाही. गोव्यात रेइश मागुश, चांदर, कासावली इथे राजांचा सण 6 जानेवारीला होतो आणि मंदिरातल्या अर्पणाचा सण 2 फेब्रुवारीला येतो. हा उपासनेचा क्रम आहे, त्यावरून घटनाक्रम ठरवू नये.

लूकची सर्वांत अवघड जागा म्हणजे नावनिशी. तो ती सूरियाचा (सीरियाचा) रोमन अधिकारी क्विरीनिय याच्या काळातली म्हणतो. योसेफस या पहिल्या शतकातल्या यहुदी इतिहासकाराच्या नोंदीप्रमाणे क्विरीनियाची नावनिशी झाली इ.स. 6 मध्ये, अर्खेलावाला पदच्युत करून यहूदिया थेट रोमच्या ताब्यात आल्यावर. करआकारणीसाठी मालमत्तेची नोंद हा तिचा हेतू होता आणि तिच्याविरुद्ध गालीलकर यहूदाने बंड केले. हेरोद मात्र इ.स.पू. 4 मध्येच वारला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे सुमारे 10 वर्षांचे अंतर. शिवाय नासरेथ ज्यात येते तो गालील प्रांत इ.स. 6 मध्ये हेरोदाचा दुसरा मुलगा हेरोद अंतिपा याच्या अमलाखाली होता, त्यामुळे नासरेथच्या माणसाला यहूदियातल्या नोंदणीची सक्ती होण्याचे कारण दिसत नाही. क्विरीनिय त्याआधीही एकदा सूरियाचा अधिकारी होता, असा तोडगा सुचवला जातो. पण हेरोदाच्या अखेरच्या वर्षांत तिथे सातुर्नीन आणि मग वारुस होते, ही नावे योसेफसनेच दिली आहेत. माझ्या मते इथे लूकची कालगणना चुकली आहे, असे सरळ मान्य करणे अधिक प्रामाणिक.

मत्तयची अवघड जागा बालहत्येची. हेरोदाने स्वतःची बायको आणि तीन मुलगे मारले, हे योसेफस सविस्तर सांगतो. बेथलेहेमबद्दल मात्र एक अक्षर नाही. गाव लहान होते, मारलेली मुले मूठभर असतील, म्हणून नुसत्या मौनावरून निकाल देता येत नाही. अधिक वजनदार शंका वेगळी आहे: जुन्या करारातली मिसरचा राजा फारो याची बालहत्या, त्यातून वाचलेला मोशे, मिसर, परतीचा प्रवास, या साच्यात मत्तयची कथा फार नेमकी बसते.

वंशावळीही जुळत नाहीत. मत्तय दाविदापासून शलमोनाच्या शाखेने येतो, लूक नाथानाच्या. योसेफाचा बाप एकाकडे याकोब, दुसऱ्याकडे एली. चौदा-चौदा पिढ्यांचा हिशेब बसवताना मत्तयने योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे गाळले आहेत. जुन्या करारातल्या 1 इतिहास 3 मधली राजांची यादी शेजारी ठेवून वाचले की लगेच दिसते.

आता दोघांत काय समान आहे ते पाहावे, कारण त्यांनी एकमेकांचे पाहून लिहिले नाही, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. आईबापांची नावे, हेरोदाचा काळ (लूक 1:5), दाविदाचे कूळ, कुमारीच्या पोटी जन्म, बेथलेहेम, नासरेथ. यात सर्वांत भक्कम नासरेथ: चारही शुभवर्तमानांत ते आहे आणि मसीहासाठी, म्हणजे यहुद्यांना अपेक्षित असलेल्या तारणाऱ्यासाठी, अशा आडगावाची कुणाला अपेक्षा नव्हती. बेथलेहेमची अपेक्षा मात्र जुन्या करारातल्या मीखा 5:2 या भविष्यवाणीमुळे होतीच, म्हणून त्यावर वाद आहे. कुमारीजन्म इतिहासाच्या साधनांनी पडताळता येत नाही, तो श्रद्धेचा विषय. 25 डिसेंबर ही तारीख दोघेही देत नाहीत. हेरोदाचा काळ धरला, तर जन्म साधारण इ.स.पू. 6 ते 4 मध्ये पडतो. सहाव्या शतकात दियोनिसियस या ख्रिस्ती साधूने इसवी सनाची गणना बसवताना हे अंतर राहून गेले.