चिनी पॉप गाण्यांची बदलती भूगोलरेषा

चिनी पॉप संगीत असे आपण सरसकट म्हणतो, तेव्हा निदान तीन भाषांची गाणी एका टोपलीत टाकत असतो: मँडरिन, कँटोनीज आणि तैवानमध्ये बोलली जाणारी होक्किएन. या भाषा बोलणाऱ्यांना एकमेकांचे बोलणे सहसा कळत नाही, त्यामुळे कोणत्या प्रदेशात कोणती गाणी चालतील याचा निकाल रसिकतेइतकाच राज्यकर्ते, दूरदर्शन आणि बाजारपेठ यांनीही लावला आहे.

1930च्या दशकात शांघाय हे या संगीताचे माहेर होते आणि तिथली जॅझच्या वळणाची गाणी मँडरिनमध्ये होती. चीनमध्ये 1949 साली कम्युनिस्टांची सत्ता आल्यानंतर अनेक गायक आणि संगीतकार हाँगकाँगला गेले, पाठोपाठ पाथे ही ध्वनिमुद्रिका कंपनीही तिथे गेली. परिणामी घरात कँटोनीज बोलणाऱ्या हाँगकाँगमध्ये दोन दशके मँडरिन आणि इंग्रजी गाण्यांची चलती राहिली, तर कँटोनीज गाणे म्हणजे जुन्या संगीतनाटकांच्या वळणाचे, थोरामोठ्यांचे, असा समज रूढ झाला. तो मोडला हाँगकाँगमध्येच वाढलेल्या पिढीने. 1967 साली टीव्हीबी ही विनामूल्य दूरचित्रवाहिनी सुरू झाली, 1974 साली तिच्या एका मालिकेचे कँटोनीज शीर्षकगीत घराघरांत पोहोचले, आणि त्याच सुमारास सॅम हुई नोकरदारांची पगाराची रड थेट रस्त्यावरच्या बोलीत गाऊ लागला.

कँटोनीज गाणे लिहिणे मात्र सोपे नाही. या भाषेत सहा स्वरमान आहेत; ‘सी’ हाच उच्चार उंच सपाट सुरात ‘कविता’, चढत्या सुरात ‘इतिहास’ आणि खालच्या सुरात ‘वेळ’ होतो. मराठीत सुराच्या चढउताराने शब्दाचा कोशातला अर्थ बदलत नाही, त्यामुळे ही अडचण आपल्याला चटकन जाणवत नाही. कँटोनीज गीतकाराला बहुधा चाल आधी मिळते आणि तिच्या चढउताराला जुळणारेच शब्द त्यात भरावे लागतात, नाहीतर ऐकणाऱ्याला भलताच शब्द ऐकू येतो. मँडरिनमध्ये चार स्वरमान असले, तरी गाताना चाल त्यांना बरेचदा झाकून टाकते आणि श्रोता संदर्भावरून अर्थ लावतो. 1990च्या दशकात हाँगकाँगचे गायक तैवान आणि चीनच्या मुख्य भूमीच्या बाजारासाठी एकाच चालीवर दोन भाषांत गाणी ध्वनिमुद्रित करत, त्यात मँडरिन गीतकाराचे काम त्या मानाने सुकर असणार, असे मला वाटते.

मुख्य भूमीवर 1978 नंतर दारे किलकिली झाली, तेव्हा तैवानच्या तेरेसा तेंगचा आवाज कॅसेटींवरून पोहोचला. सरकारला असली हळवी गाणी रुचत नव्हती, तरी कॅसेटींच्या नकला हातोहात फिरत राहिल्या. हाँगकाँगला लागून असलेल्या ग्वांगडाँग प्रांतातले लोक तर छपरावर माशाच्या काट्यासारखे अँटेना लावून हाँगकाँगच्या वाहिन्या पाहत, त्यामुळे तिथली कँटोनीज गाण्यांची गोडी बीजिंगहून निराळी राहिली.

सिंगापूरने 1979 साली मँडरिन बोलण्याची मोहीम सुरू केली आणि नभोवाणी-दूरचित्रवाणीवरून इतर चिनी बोली हळूहळू हटवल्या. तिथून पुढे आलेली स्टेफनी सुन मँडरिन गाण्यांवरच मोठी झाली. तैवानात उलट घडले. 1987 साली लष्करी कायदा उठल्यावर होक्किएन गाण्यांवरचा दाब सैलावला, तरी 2000 साली पहिला अल्बम आणणाऱ्या जे चौने मँडरिनमध्येच अवघ्या चिनीभाषक जगाला वेड लावले.

त्या काळात हाँगकाँगचे वजन उतरत गेले होते. पण 2018 साली एका टीव्ही स्पर्धेतून निघालेल्या मिरर या बारा तरुणांच्या गटाने तिथे पुन्हा गर्दी खेचली, आणि त्यांची बहुतेक गाणी कँटोनीजमध्येच आहेत.