मुलांची खोली: पडवीपासून तिसऱ्या बेडरूमपर्यंत

जुन्या वाड्याच्या नकाशात देवघर असे, माजघर असे, बाळंतिणीची खोलीसुद्धा असे. मुलांना खेळायला म्हणून वेगळी खोली मात्र नसे. तिची गरजही कुणाला वाटली नाही. पडवी, ओसरी, चौक, मागचं अंगण अशी अर्धी घरात, अर्धी बाहेर असलेली सगळी जागा मुलांचीच होती. अट एवढीच, की पानं मांडायची वेळ झाली की खेळ आवरायचा.

पडवीच्या कोपऱ्यात भातुकली मांडली जायची. बोळकी, चूल, जातं, सूप, पोळपाट-लाटणं, सगळं मोठ्यांच्या स्वयंपाकघराचंच छोटं माप. खायला चुरमुरे आणि गूळ. सावंतवाडीच्या चितार आळीतली रंगीत लाकडी खेळणी घरात आली तर ती कौतुकाची. चालायला शिकणाऱ्या मुलाला पांगुळगाडा. बाकी सागरगोटे, चिंचोके, काचांचे तुकडे. हा सगळा ऐवज एखाद्या टोपलीत नाहीतर भिंतीतल्या खालच्या कोनाड्यात जायचा. आज 'माँटेसरी शेल्फ' म्हणून उघडं, ठेंगणं कपाट बऱ्यापैकी महाग विकतात. घराची अंतर्गत सजावट करून घ्यायला आमच्याकडे येणारी गिऱ्हाइकं त्याचे फोटो दाखवतात, तेव्हा मला आजोळचा तो कोनाडाच आठवतो.

त्या व्यवस्थेत आणखी एक गोष्ट होती. आजी गहू निवडत बसलेली असे, आई माजघरात असे आणि मुलं दोघींच्या नजरेच्या टप्प्यात असत. लक्ष ठेवणं हे वेगळं काम नव्हतं.

मुंबईत अंगण गेलं आणि गॅलरी आली. १९२०च्या दशकात सरकारनं बांधलेल्या बीडीडी चाळींतली एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यात स्वयंपाक, झोपणं, अभ्यास, पाहुणे, सगळं. खेळ साहजिकच दाराबाहेर. मजल्याची सामाईक गॅलरी किंवा बोळ हीच वीस बिऱ्हाडांची खेळायची खोली. जागेच्या मापानं नियमही बदलले. एक टप्पा आउट हा काही क्रिकेटच्या पुस्तकातला नियम नव्हे, तो अरुंद जागेनं शिकवलेला.

मुलांसाठी राखीव खोली ही कल्पना मुळात सधन युरोपीय घरातली. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये ती बहुधा वरच्या मजल्यावर असे. दाई सांभाळायला, खिडक्यांना गज, मुलं पाहुण्यांच्या वाटेत यायला नकोत हा हेतू. पुढे भिंतींवर खास मुलांसाठी छापलेले कागद आले. वॉल्टर क्रेनसारख्या नामवंत चित्रकारानं तसे कागद चितारले. म्हणजे भिंत सजवण्याची हौस आजची नाही. पण खोलीत मूल नेमकं काय करणार, हा प्रश्न सजावट करणाऱ्यांनी नाही, शिक्षकांनी विचारला.

जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलनं १८३७मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४०मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन, ठोकळे हे त्याचं साहित्य. रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींचं बालगृह सुरू झालं. सुरुवातीला तिथलं साहित्य कुलुपात असे आणि बाई ते वाटत. एक दिवस कपाट उघडं राहिलं. मुलांनी आपापल्या पसंतीची वस्तू काढून घेतली आणि कामाला लागली. माँटेसरींनी त्यातून धडा घेतला आणि मुलांच्या हाताला येतील अशी ठेंगणी कपाटं केली, त्यांना स्वतः उचलता येतील अशा हलक्या खुर्च्या केल्या. मुलांच्या खोलीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना माझ्या मते हीच. रंग नाही, चित्रं नाहीत, फक्त उंची बदलली.

ही विचारधारा आपल्याकडे आली ती गुजरातमधल्या भावनगरमार्गे. शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी १९२०मध्ये तिथं बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक त्यांच्यासोबत काम करू लागल्या. १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढलं. माँटेसरी स्वतः १९३९मध्ये मद्रासला आल्या. पण ताराबाईंची खरी कमाल १९४५नंतरची, डहाणूजवळच्या बोर्डी गावातली. महागडं साहित्य खेड्यात परवडणार नव्हतं. मग शिंपले, बिया, पानं, दगड हेच साहित्य झालं. अनुताई वाघ सोबतीला होत्या. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, म्हणून 'अंगणवाडी'. १९७५मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेनं हाच शब्द देशभर नेला. खोली परवडत नसेल तर अंगण चालतं, हे त्यांनी करून दाखवलं.

शहरात मात्र उलटं घडत होतं. चाळी जाऊन संडास-बाथरूम आतच असलेले सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक आले आणि दारं बंद झाली. पुढे कंपाउंड पार्किंगनं खाल्लं. खेळ हॉलमध्ये, सोफ्यामागे शिरला. मग टू-बीएचकेचं थ्री-बीएचके झालं आणि बिल्डरच्या माहितीपत्रकात 'किड्स रूम' उगवली, बहुतेक दहा बाय दहाची, बहुतेक घरातली सगळ्यात आतली. मोटारीच्या आकाराचा पलंग, छताला चांदण्या, सहा फुटी वॉर्डरोब. मूल तीन फुटांचं.

अशीच एक खोली मी काही वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं केली. महिन्याभरानं गेले तर चार वर्षांचा मुलगा ठोकळ्यांचा डबा ओढत आणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसला होता. आई पोळ्या करत होती, ती तिथून दिसत होती. आतल्या खोलीत पंखा फिरत होता, माणूस कुणी नाही. तेव्हापासून मी मुलाची जागा ठरवण्याआधी ओट्यापाशी उभी राहते आणि तिथून काय दिसतं ते बघते.

सुरक्षिततेचे नियम आपल्याकडे उशिरा आले. घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१पासून सक्तीचं झालं. २०१७आधीच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून जुन्या फ्लॅटमधला पोपडे धरलेला ऑइलपेंट मुलांच्या खोलीत मी नुसता घासू देत नाही, त्याची पूड वाईट. कपाट भिंतीला स्क्रूनं बांधून घेते, कारण मुलं खण उघडून त्यांची शिडी करतात.

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या रहिवाशांना आता १६० ऐवजी ५०० चौरस फुटांची घरं मिळताहेत. तिथं मुलांना वेगळी खोली मिळणं अवघडच. लॉबी किती रुंद आहे, हे मला आधी बघायला आवडेल.