रंगाला चिकटलेलं रबर आणि संत्र्याची साल

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईला रेसिंगचा जुना ट्रॅक आहे. हौशी चालकांच्या एका सत्रासाठी माझा धाकटा भाऊ आपली पांढरी पोलो घेऊन तिथे गेला होता. पुण्याला परतला तेव्हा गाडीची रया गेली होती. चाकांच्या मागचा पत्रा आणि बंपरचे कोपरे काळ्या ठिपक्यांनी भरलेले, दारावर वीतभर लांब फराटा. शाम्पूच्या पाण्याने धुतली, तर धूळ गेली आणि ठिपके आणखी उठून दिसायला लागले.

हे ठिपके म्हणजे टायरच. ट्रॅकवर जोरात वळताना टायरचा पृष्ठभाग ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत सहज तापतो. रबर मऊ पडतं, डांबरातल्या खडीच्या टोकांवर घासून त्याच्या गुंडाळ्या होतात आणि त्या बाहेर फेकल्या जातात. ट्रॅकवर यांना ‘मार्बल्स’ म्हणतात. गाडी ताशी १४४ किलोमीटरने धावत असेल, तर चाकाचा परीघ गाडीच्या मानाने सेकंदाला ४० मीटर वेगाने फिरत असतो. त्या वेगाने सुटलेली गरम, चिकट गोळी पत्र्यावर आदळते आणि चपटी होऊन बसते.

मग ती निघत का नाही? रबराची रंगाशी रासायनिक गाठ पडली असावी, असं अनेकांना वाटतं. तसं काही नसतं. गरम रबर रंगाच्या अतिसूक्ष्म उंचसखल भागात शिरतं आणि रेणूंमधल्या साध्या ओढीने धरून बसतं. एका रेणूची ओढ नगण्य, पण चपट्या झालेल्या गोळीचे असंख्य रेणू एकाच वेळी रंगाला टेकलेले असतात. शिवाय टायरमध्ये तेलं आणि राळेसारखे चिकट पदार्थ घातलेले असतात, ते मधली फट भरून काढतात. पाण्याला या तेलकट थरात शिरकावच मिळत नाही. साबण मदत करतो, पण तो फक्त तेलाचे थेंब उचलू शकतो. अख्खी रबराची गोळी त्याच्या आवाक्याबाहेरची.

इथे संत्र्याची साल कामाला येते. फुगा फुगवा आणि ताज्या सालीची घडी करून त्याच्यावर पिळा. बारीक तुषार पडताच फुगा बहुतेक वेळा फट्‌कन फुटतो. त्या तुषारात लिमोनीन नावाचं तेलकट द्रव्य असतं. त्याचा रेणू आयसोप्रीन या छोट्या रेणूच्या दोन तुकड्यांचा, आणि नैसर्गिक रबर म्हणजे त्याच आयसोप्रीनच्या हजारो तुकड्यांची साखळी. दोघं एकाच घराण्यातली, म्हणून लिमोनीन रबरात सहज शिरतं. जुने टायर हवेशिवाय तापवले, तर निघणाऱ्या तेलात लिमोनीन सापडतं! मला रसायनशास्त्रातल्या ज्या गोष्टी मनापासून आवडतात, त्यातली ही एक.

टायर मात्र फुग्यासारखा फुटत नाही की विरघळत नाही. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये गंधक घालून रबर तापवण्याची युक्ती सापडली. त्यात गंधकाचे पूल साखळ्यांना एकमेकींशी बांधतात आणि सगळ्यांचं मिळून एक जाळं होतं. हे जाळं द्रावकात फक्त फुगतं. ट्रॅकवरून आणलेली एक गोळी मी रात्रभर टर्पेंटाइन या द्रावकात ठेवली. सकाळी ती चांगलीच फुगलेली होती, आणि चिमटीत धरताच तिचे तुकडे पडले. गाडीवर आपल्याला एवढंच हवं असतं. रबर फुगलं, ढिलं पडलं, की रंगावरची पकड आपोआप सुटते.

म्हणून कापड टर्पेंटाइनमध्ये किंवा लिमोनीन असलेल्या, डांबराचे डाग काढणाऱ्या टार रिमूव्हरमध्ये भिजवून ठिपक्यावर नुसतं टेकवून ठेवायचं. गाडी सावलीत, पत्रा आणि ब्रेक पूर्ण थंड, हवा खेळती, जवळपास आग नाही. आधी गाडी धुतलेली हवी, कारण रबरात ट्रॅकवरची वाळू रुतलेली असते आणि ती रंगापेक्षा कितीतरी कठीण. वरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही बारीक. कोरडं घासलं की ओरखडे उमटलेच. मिनिटभराने कापड एकाच दिशेने हलकेच ओढायचं, घडी बदलायची, उरलेल्या ठिपक्याला पुन्हा तसंच. शेवटी साबणाने तेलकटपणा काढायचा. तरीही हाताला खरखर लागली, तर भरपूर ओल ठेवून क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेले कण उचलणारी मऊ वडी, फिरवायचा.

थिनरपासून मात्र दूर राहा. आमच्या गाडीचा मागचा बंपर पूर्वी एकदा बाहेरून रंगवून घेतलेला होता. एका गॅरेजमधल्या मुलाने त्यावर थिनरचा बोळा फिरवला आणि काळ्याबरोबर पांढराही कापडावर उतरला. कारखान्यातला रंग सव्वाशे-दीडशे अंशांच्या भट्टीत भाजलेला असतो. त्याच्या रेणूंचंही घट्ट जाळं झालेलं असतं, त्यामुळे थोड्या वेळाच्या टर्पेंटाइनने त्याला धक्का लागत नाही. हवेवर नुसताच सुकणारा स्वस्त लॅकर रंग असा बांधला जात नाही; ज्या थिनरमध्ये तो कालवला, त्याच थिनरमध्ये पुन्हा विरघळतो. हेडलाइटच्या पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या काचेला तर असे द्रावक तडे पाडू शकतात. तिथे साबण आणि धीर, एवढंच.

उशीर मात्र करू नये. भाऊ चेन्नईहून दोन दिवस भर उन्हात गाडी चालवत आला. तेवढ्यात रबर कडक झालं आणि त्यातली रसायनं रंगात झिरपली. हवेतल्या ओझोन वायूने टायरला भेगा पडू नयेत म्हणून त्यात ६पीपीडी नावाचं द्रव्य घालतात. अशा द्रव्यांनी फिक्या रंगावर पिवळट-तपकिरी डाग उठतात. याच ६पीपीडीपासून ओझोनमुळे बनणारा पदार्थ कोहो सामन माशांना मारतो, हे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं. पावसात रस्त्यावरून ओढ्यांत वाहत जाणारी टायरची झीज तिथे अंडी घालायला आलेल्या माशांचा जीव घेत होती. ते वाचल्यापासून आम्ही रबर पुसलेली कापडं वेगळी गुंडाळून ठेवतो आणि ते टर्पेंटाइन गटारात ओतत नाही.

ठिपके तासाभरात गेले. दारावरच्या फराट्याच्या जागी मात्र फिकट पिवळी सावली राहिली. ती बारीक पॉलिशचे तीन हात दिल्यावर गेली, म्हणजे क्लिअर कोटचा थोडा भाग झिजवूनच. पुढच्या वेळी भाऊ ट्रॅकवर जाण्याआधी गाडीला मेणाचा थर देणार आहे आणि परतीच्या वाटेला लागण्याआधीच ठिपके काढणार आहे.