ऑक्सिजन वर कसा चढतो? ध्रुवीय प्रकाशामागच्या तापलेल्या आयनांची पार्श्वभूमी

मे २०२४ च्या सौरवादळात लडाखमधल्या हानलेहून ध्रुवीय प्रकाशाने लाल झालेल्या आकाशाचे फोटो आले. दुसऱ्या रात्री मी सोलापुरात गच्चीवर जाऊन कितीतरी वेळ उत्तरेकडे बघत होतो. काही दिसलं नाही, दिसणारही नव्हतं. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या फार जवळ आहोत. पण तो लाल रंग ऑक्सिजनचा, आणि या ऑक्सिजननेच शास्त्रज्ञांना एकदा मोठ्या पेचात टाकलं होतं.

पृथ्वीभोवतीच्या चुंबकावरणातले, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या ताब्यातल्या अवकाशातले, आयन (विद्युतभारित अणू) सूर्याकडून येतात, म्हणजे बहुतेक हायड्रोजनचेच, असा समज होता. १९७२ मध्ये शेली, जॉन्सन आणि शार्प यांनी उपग्रहाच्या नोंदींत वादळाच्या वेळी वरून वेगाने कोसळणारे ऑक्सिजनचे आयन दाखवले. एवढा ऑक्सिजन पृथ्वीच्याच हवेतला असणार. मग तो वर गेला कसा? गुरुत्वाकर्षणातून सुटायला त्याला सुमारे १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा लागते. तापमानात मोजलं तर लाखभर अंश! मेमधल्या उन्हाने हैराण होणाऱ्या सोलापूरकराला हा आकडा कल्पनेतही मावत नाही. आयनांबरात, म्हणजे हवेच्या वरच्या विद्युतभारित थरात, मात्र आयनांकडे जेमतेम काही दशांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात.

१९७६-७७ मध्ये ‘एस३-३’ उपग्रहाला वर जाणारे आयन सापडले. त्यांतल्या काहींच्या दिशा शंकूसारख्या पसरलेल्या होत्या. म्हणजे ऊर्जा आधी बलरेषेला, म्हणजे चुंबकक्षेत्राच्या दिशेला, आडवी मिळत होती.

ही ऊर्जा देतात प्लाझ्मातल्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूतल्या, लहरी. नागपंचमीचा झोका आठवा: मागे येऊन क्षणभर थांबतो तेव्हा ढकललं तर चढत जातो, अवेळी ढकललं तर अडतो. १,७०० किलोमीटरवर ऑक्सिजनचा आयन बलरेषेभोवती सेकंदाला साधारण पंचवीस गिरक्या घेतो. लहरीची कंपनं त्याच चालीची असली की प्रत्येक फेरीत त्याला धक्का बसतो. वर चुंबकक्षेत्र क्षीण होत जातं, म्हणून गिरक्यांचा जोर वाढलेला आयन वरच ढकलला जातो.

कोणत्या लहरी, यावर बरीच वर्षं वाद चालला. १९९२ चा स्वीडिश ‘फ्रेया’ आणि १९९६ चा नासाचा ‘फास्ट’ या उपग्रहांच्या मोजमापांनंतर कौल कमी वारंवारितेच्या, रुंद पट्ट्यातल्या लहरींकडे झुकला. त्यांतल्या काही स्वीडिश शास्त्रज्ञ हान्नेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये कागदावर मांडलेल्या, बलरेषा ताणलेल्या तारेसारख्या थरथरवणाऱ्या लहरींच्या जातीच्या आहेत.

मोठ्या वादळात हाच वर चढलेला ऑक्सिजन विषुववृत्ताच्या वर, हजारो किलोमीटर उंचीवर पृथ्वीला वेढणाऱ्या विद्युतप्रवाहात सामील होतो. त्या प्रवाहाने जमिनीवरचं चुंबकक्षेत्र किंचित खाली येतं, आणि ती घट अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत नोंदली जाते.