आधी गच्ची, मग एसी : जुन्या घरमालकांसाठी माहितीपत्रक

नागपुरातील महाल, इतवारी, धंतोली अशा जुन्या वस्त्यांमधून आमच्याकडे येणारा पहिला प्रश्न बहुधा ‘किती टनांचा एसी लावावा’ हा असतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आम्ही गच्चीवर जाण्याची परवानगी मागतो, आणि पुष्कळांना त्याचे नवल वाटते. ती परवानगी का मागितली जाते, हे या पत्रकात सांगितले आहे.

मे महिन्याच्या उत्तरार्धात नागपुरात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे घराच्या सर्व बाजूंपैकी सर्वांत अधिक ऊन छतावर पडते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बांधलेल्या घरांत चार-पाच इंचांचा स्लॅब आणि त्यावर काळवंडलेला कोबा एवढेच आवरण असते. तो स्लॅब दिवसभर तापत राहतो, आणि ही उष्णता खालच्या बाजूस पोहोचण्यास काही तास लागत असल्याने सायंकाळी बाहेरची हवा निवू लागली तरी वरच्या मजल्यावरील पंखा रात्री दहा वाजताही गरम हवाच खाली ढकलत असतो. अशा खोलीत लावलेला एसी माणसांना गार करण्यापूर्वी तापलेल्या स्लॅबशी झगडतो. ज्या घरांवरील कवेलू काढून टिनपत्रे टाकली आहेत, त्यांचा प्रकार निराळा आहे: पत्रा सकाळीच तापतो आणि रात्री लवकर निवतो, म्हणून तेथे पत्र्याखाली हवेची पोकळी सोडून छत करणे अधिक उपयोगी पडते.

स्लॅबवरील उपायांत सर्वांत स्वस्त उपाय पांढऱ्या रंगाचा आहे. ताज्या पांढऱ्या परावर्तक लेपावर पडलेल्या उन्हापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक भाग परत फेकला जातो. जुना, मळलेला कोबा मात्र बहुतेक ऊन शोषून घेतो. चुन्याचा हात दिला तरी फरक जाणवतो, परंतु तो एका पावसाळ्यात धुऊन निघतो. पांढऱ्या फुटक्या फरशांचे चिनी मोझॅक खर्चिक असले तरी पुष्कळ वर्षे टिकते. कोणताही लेप धुळीने मळला की त्याचा गुण कमी होतो, म्हणून उन्हाळा लागण्यापूर्वी गच्ची एकदा घासून धुवावी. भर उन्हात या पांढऱ्या गच्चीची तिरीप डोळ्यांना चांगलीच जाणवते. पापड-कुरडयांचे वाळवण घालणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घेतलेले बरे. ज्यांची तयारी अधिक खर्चाची आहे, त्यांना आम्ही स्लॅबच्या वर उष्णतारोधक फोमचे तक्ते बसवून त्यावर नवा कोबा घालण्याचा सल्ला देतो. तेच आवरण स्लॅबच्या खाली, फॉल्स सीलिंगमध्ये घातले तर खोलीस आराम मिळतो, पण स्लॅब स्वतः तापतच राहतो.

गळती असेल तर मात्र यांपैकी कोणतेही काम आधी करू नये. ओल्या स्लॅबवर लेप दिल्यास ओल आत अडकते आणि पुढे छताचे पोपडे पडतात. गळती न काढता केवळ लेप देण्याचे काम आम्ही स्वीकारत नाही.

छतानंतर पश्चिमेकडील खिडक्यांचा क्रम लागतो. उतरत्या दुपारचे ऊन तिरपे येत असल्याने खिडकीवरील सज्जा त्यास अडवू शकत नाही, आणि आतील जाड पडद्यापर्यंत पोहोचेस्तोवर ते काचेतून घरात शिरलेलेच असते. म्हणून बांबूची चिक किंवा वाळ्याची ताटी खिडकीच्या बाहेरून लावावी. आपल्या आजी-आजोबांची पद्धत येथे तंतोतंत बरोबर होती.

विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर हे उत्तम साधन आहे, आणि दीड टनी एसीच्या तुलनेत त्यास फार थोडी वीज लागते. मात्र समोरची खिडकी उघडी ठेवून हवेला बाहेर जाण्यास वाट द्यावी, अन्यथा खोलीत केवळ दमटपणा वाढतो. पंख्यांबाबत हिशेब सोपा आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, तर बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरचा) पंखा सुमारे ३० वॉट. दिवसाला पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. बीएलडीसी पंखा बसवताना भिंतीवरील जुना रेग्युलेटर वायरिंगमधून काढून टाकावा लागतो, हे दुकानदार नेहमी सांगतोच असे नाही. एसी घ्यायचाच असेल तर ताऱ्यांसोबत लेबलवरील वर्षही पाहावे, कारण निकष वेळोवेळी कडक होत असल्याने काही वर्षांपूर्वीचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांएवढे नसतात. जुन्या घरातील ॲल्युमिनियमची वायरिंग आणि अर्थिंग तपासल्याशिवाय एसी जोडू नये.

सौर पॅनेलविषयी हल्ली पुष्कळ विचारणा होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट व त्याहून मोठ्या घरगुती संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. तरीही आधी वापर कमी करून मगच संचाचा आकार ठरवावा, असे आमचे मत आहे. शिवाय पॅनेल बसल्यानंतर त्याखालील कोबा दुरुस्त करणे फार त्रासाचे होते.

आम्हाला बोलावण्यापूर्वी फेब्रुवारी आणि मे या दोन महिन्यांची वीजबिले काढून ठेवावीत. पंखे-एसी फारसे न चालणाऱ्या फेब्रुवारीपेक्षा मे महिन्यात जितके युनिट अधिक पडले, साधारण तितका आपल्या घराचा उन्हाळ्याचा भार असतो. महावितरणचा दर वापराच्या टप्प्यांनुसार वाढत असल्याने वाचणारे युनिट सर्वांत महाग टप्प्यातील असतात. गच्चीची कामे कोरड्या हवेतच नीट होतात, म्हणून ती दिवाळीनंतर आणि होळीपूर्वी करून घ्यावीत. जूनच्या तोंडावर आलेली कामे आम्ही पावसाळा संपल्यावरच हाती घेतो.