टाकी रिकामी आहे, मग राहू द्या?

न्यू जर्सीत जुनं घर घेणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: "हीटिंग गॅसवर आलं, अंगणात पुरलेल्या तेलाच्या टाकीत आता काही नाही, मग ती उकरायची कशाला?"

मुळात टाकी पूर्ण रिकामी क्वचितच असते. पंपाने तेल ओढलं तरी तळाशी चिकट गाळ आणि थोडं पाणी उरतं. पोलाद बाहेरून ओल्या मातीने गंजतं, आतून त्या पाण्याने, आणि टाचणीएवढी भोकं पडतात. त्यातून गळती वापर चालू असतानाच झालेली असू शकते. म्हणजे ते तेल टाकीत नाही, मातीत आहे. 'वाळू भरून बंद केली' असा कागद विकणारा ऐटीत दाखवतो, पण खालची माती तपासली होती का, ते विचारा. घर तुमच्या नावावर झालं की साफसफाईचा खर्च तुमच्या गळ्यात पडू शकतो, आणि घरविमा बहुधा हात वर करतो.

भिंतीलगत जमिनीतून वर आलेले दोन लोखंडी पाइप दिसले (एक तेल भरायचा, एक हवेचा) तर सौद्याआधी टँक स्वीप (जमिनीखाली टाकी पुरलेली आहे का, याची यंत्राने तपासणी) करून घ्याच. टाकी काढायला नगरपालिकेचं परमिट लागतं.

तळघरातली टाकी काढलीत, तर बाहेरचा भरायचा पाइपही काढा. पत्ता चुकलेल्या टँकरवाल्याने अशा पाइपातून थेट तळघरात तेल ओतल्याचे प्रकार खरोखर घडलेत.