आधी प्रत, मग दुरुस्ती: बिघडत्या हार्ड डिस्कमधला डेटा कसा वाचवायचा

बाहेरून जोडायची हार्ड डिस्क संगणकाला लावली आणि विंडोजने विचारलं, ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?’ तर ‘रद्द करा’ हेच उत्तर द्यायचं आणि डिस्क काढून ठेवायची. डिस्क रिकामी झाली म्हणून हा प्रश्न येत नाही. कोणती फाइल कुठे आहे याची नोंद ज्या जागी असते ती जागा विंडोजला वाचता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. फोटो, हिशेब, प्रबंधाची प्रकरणं हे सगळं बहुतेक वेळा आपापल्या जागी शाबूत असतं. डेटा कायमचा जातो तो अनेकदा त्यानंतरच्या तासा-दोन तासांत, घाबरून केलेल्या उपायांमुळे.

डिस्कच्या आत काच किंवा ॲल्युमिनियमची तबकडी असते आणि तिच्यावर कोबाल्टच्या मिश्रधातूचा, अवघ्या काही नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीचा चुंबकीय थर असतो. आपला डेटा म्हणजे या थरातल्या कणांची चुंबकीय दिशा. ती सहजासहजी बदलत नाही. डिस्क वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली तरी बहुधा टिकते. थकते ती हा थर वाचणारी यंत्रणा. खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कची तबकडी साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. तिच्या कडेचा वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास जातो. त्या वेगाने सरकणाऱ्या पृष्ठभागावर वाचणारं हेड हवेच्या पातळ थरावर, अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. माणसाच्या केसाची जाडी याच मापात सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर भरते. इतक्या कमी फटीत वर्षानुवर्षं बिनबोभाट चालणारं हे यंत्र एक दिवस अडखळू लागतं, तेव्हा त्याच्याकडे वाचनाच्या किती फेऱ्या शिल्लक आहेत हे कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून उरलेली प्रत्येक फेरी डेटाची प्रत काढण्यातच खर्च व्हायला हवी. बाकी सगळं त्यानंतर.

त्याआधी एक सोपी शक्यता तपासून घ्यावी. दोष डिस्कचा नसून केबलचा किंवा विजेचा असू शकतो. छोट्या डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, ती यूएसबी पोर्टमधूनच वीज घेते. यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यावेत असं मानक आहे, यूएसबी ३.० ने ९००. तबकडी थांबलेल्या अवस्थेतून वेग घेते त्या क्षणी तिला सर्वाधिक वीज लागते. हबमधून किंवा जुन्या, लांब केबलमधून ती पुरेशी मिळाली नाही तर चांगली डिस्कही टकटक करते आणि दिसेनाशी होते. दुसरी आखूड केबल घेऊन डिस्क थेट संगणकाच्या पोर्टला लावून पाहणं हा बिनधोक उपाय आहे. तो एकदाच करायचा. दहा वेळा लावून-काढून पाहण्यात फक्त डिस्कचं आयुष्य जातं.

काही जण इथे बाहेरची प्लास्टिकची डबी उघडून आतली डिस्क बाहेर काढतात आणि थेट संगणकाला जोडतात. मोठ्या डेस्कटॉप डिस्कमध्ये हे अनेकदा जमतं. पण काही डिस्कमध्ये डबीतली चिप येणारा-जाणारा सगळा डेटा सांकेतिक रूपात बदलत असते, तुम्ही पासवर्ड ठेवलेला नसला तरीही. ती चिप बाजूला केली की उरतो तो नुसता आकड्यांचा चिखल. बऱ्याच छोट्या डिस्कमध्ये तर यूएसबीचं सॉकेट मुख्य बोर्डावरच डाखलेलं असतं, त्यामुळे जोडायला दुसरी जागाच नसते. तशाच दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून बसवण्याचा जुना उपायही आता सहसा चालत नाही. कारखान्यात प्रत्येक डिस्कची हेडं स्वतंत्रपणे जुळवली जातात आणि त्या जुळवणीचे आकडे बोर्डावरच्या एका लहानशा मेमरी चिपमध्ये असतात. ती चिप जुन्या बोर्डावरून काढून नव्यावर डाखल्याशिवाय डिस्क स्वतःलाच ओळखत नाही.

केबल बदलूनही टकटक चालूच राहिली तर मात्र थांबायला हवं. तो आवाज कसला, हे समजलं की का थांबायचं ते पटतं. वीज मिळाल्यावर तबकडी पूर्ण वेग घेते, मग हेडं आपल्या रॅम्पवरून उतरून तबकडीवर येतात आणि कारखान्यात कोरलेल्या स्थानखुणा शोधतात. त्या सापडल्या की तबकडीच्याच एका राखीव भागातून डिस्कचं स्वतःचं सॉफ्टवेअर वाचलं जातं. हेड जायबंदी असेल तर खुणा सापडत नाहीत. मग हेडाचा दांडा मागे जाऊन अडसरावर आपटतो आणि पुन्हा शोधाला निघतो. आपल्याला ऐकू येते ती ही टक्. प्रत्येक टकीबरोबर ते मोडकं हेड तबकडीवरून एकदा फिरलेलं असतं. ते कुठे टेकलं तर चुंबकीय थर खरवडला जातो आणि त्याची पूड होते. ती पूड इतर हेडांखाली जाऊन आणखी ओरखडे पाडते. पूड झालेला डेटा जगातली कोणतीही लॅब परत आणू शकत नाही. टकटक करणाऱ्या डिस्कची वीज लगेच तोडावी, ‘आणखी एकदा बघू’ म्हणू नये.

घरी हाताळता येण्यासारखी अवस्था वेगळी असते. डिस्क फिरते, ओळखली जाते, आवाज नेहमीसारखा असतो, पण एखादं फोल्डर उघडायला पाच मिनिटं लागतात किंवा कॉपी मध्येच अडकून राहते. म्हणजे काही सेक्टर, डेटा साठवण्याचे तबकडीवरचे छोटे कप्पे, कमकुवत झालेले असतात. आजच्या डिस्कमध्ये एक सेक्टर बहुधा ४,०९६ बाइटचा असतो आणि किरकोळ चुका सुधारण्यासाठी त्याच्यासोबत जादा माहिती लिहिलेली असते. चुका तिच्या आवाक्याबाहेर गेल्या की डिस्क स्वतःच तो सेक्टर पुन्हा पुन्हा वाचू लागते, हेड किंचित इकडेतिकडे सरकवून पाहते. यात कित्येक सेकंद जातात. तिने हात टेकले की ऑपरेटिंग सिस्टीम तीच मागणी नव्याने करते. त्यात अँटिव्हायरस आपली तपासणी मागतो, फोटोंच्या छोट्या प्रतिमा बनवणारा प्रोग्राम आपलं काम पुढे रेटतो. सगळे मिळून आजारी डिस्कला तिच्या सर्वात दुखऱ्या जागेवर जुंपून ठेवतात आणि चांगल्या अवस्थेतला नव्वद-पंचाण्णव टक्के डेटा रांगेत मागे राहतो.

ही अवस्था किती पुढे गेली आहे ते डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते त्यांत दिसतं. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा फुकट मिळणारा प्रोग्राम त्या दाखवतो. क्रमांक ५ ची नोंद म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर. क्रमांक १९७ म्हणजे वाचता न आलेले, निर्णयाची वाट पाहणारे सेक्टर. यातली दुसरी नोंद फार बोलकी आहे. वाचता न आलेला सेक्टर डिस्क लगेच निकालात काढत नाही, पुढे कधीतरी वाचता येईल म्हणून राखून ठेवते. पण त्या जागेवर नवं काही लिहायला सांगितलं आणि ते तिथे नीट उतरलं नाही, की ती राखीव साठ्यातला दुसरा सेक्टर त्याच्या जागी लावते. जुना सेक्टर मग आपल्याला कायमचा दुरावतो. बिघडत्या डिस्कवर काहीही लिहू नये, याचं खरं कारण हे आहे. फॉरमॅट म्हणजे लिहिणं. चेकडिस्क या विंडोजमधल्या डिस्क-तपासणीच्या साधनाने केलेली दुरुस्ती हेही लिहिणंच. चेकडिस्कचं काम नोंदींचा ताळमेळ बसवणं हे आहे आणि तुमची फाइल त्या ताळमेळाच्या आड आली तर ते फाइलला कात्री लावतं. धडधाकट डिस्कवर हे साधन उपयोगी आहे. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर ते चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग प्रत काढायची कशी? या कामासाठी मला सर्वात विचारपूर्वक बनवलेला वाटतो तो जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातला डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम. तो फाइली बघतच नाही, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत अख्खी डिस्क जशीच्या तशी उचलतो. पहिल्या फेरीत तो मोठमोठे तुकडे घेतो आणि अडखळलं की तिथे न रेंगाळता पुढे उडी मारतो. सोपं ते सगळं आधी पदरात पडतं. नंतर तो सुटलेल्या भागांच्या कडा दोन्ही बाजूंनी खात आत सरकतो, त्यानंतर उरलेलं एकेक सेक्टर करून खरवडतो. हट्टी सेक्टरांशी झगडा अगदी शेवटी, तोही तुम्ही सांगितलात तर. या सगळ्याची नोंद एका साध्या मजकूर फाइलमध्ये होत राहते. वाचवलेल्या भागापुढे अधिकचं चिन्ह, अजून न पाहिलेल्यापुढे प्रश्नचिन्ह, हाती न लागलेल्या सेक्टरांपुढे वजाचं. या नकाशामुळे डिस्क तापली तर थांबवता येते, गार झाल्यावर सोडलं तिथूनच पुढे सुरू करता येते. नकाशा जपून ठेवावा, तो हरवला तर कष्ट पहिल्यापासून.

प्रत घ्यायची डिस्क मूळ डिस्कपेक्षा मोठी हवी. कोणती मूळ आणि कोणती नवी हे आज्ञा देण्याआधी दोनदा ताडून पाहावं. उलटसुलट झालं तर रिकाम्या डिस्कची प्रत तुमच्या डेटावर चढेल. वेळेचाही अंदाज असू द्यावा. एक टेराबाइट डेटा सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने उचलायला पावणेतीन तास लागतात. आजारी डिस्क सेकंदाला एक मेगाबाइटवर आली तर त्याच कामाला साडेअकरा दिवस.

प्रत हातात आली की मूळ डिस्क बाजूला ठेवायची आणि पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर करायचे. इथे मात्र हात मोकळा सोडता येतो, कारण चुकलं तर प्रतीची आणखी एक प्रत काढता येते. विभाजनाचा तक्ता, म्हणजे डिस्कचे भाग कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात याची नोंद, बिघडला असेल तर टेस्टडिस्क हा प्रोग्राम तो शोधून पुन्हा बसवतो. विंडोजच्या एनटीएफएस या फाइली मांडण्याच्या पद्धतीत प्रत्येक फाइलची किमान एक नोंद मास्टर फाइल टेबलमध्ये असते, बहुधा १,०२४ बाइटची. हे टेबल वाचलं तर नावं आणि फोल्डर जसेच्या तसे परत येतात. टेबल गेलं असेल तर फोटोरेकसारखा प्रोग्राम नोंदींकडे न पाहता थेट मजकूर चाळतो. जेपीईजी फोटोची सुरुवात एफएफ डी८ एफएफ या तीन बाइटनी होते, तेवढी खूण त्याला पुरते. फोटो मिळतात, पण त्यांची नावं आणि फोल्डर जातात. तुकड्यातुकड्यांत विखुरलेले मोठे व्हिडिओ या पद्धतीने क्वचितच धड मिळतात.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही फिरत असतो. तो ऐकू नका. गार डिस्क बाहेर काढली की हवेतली वाफ आत-बाहेर दवासारखी जमते आणि काही नॅनोमीटरच्या फटीत पाण्याचा थेंब म्हणजे डोंगरच. घरात झाकण उघडण्याचंही तेच. लॅबमध्ये हे काम ज्या स्वच्छ हवेत करतात तिचं मानक घनमीटरमागे अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे जास्तीत जास्त ३,५२० कण इतकं कडक आहे. साध्या खोलीत असे कण कोट्यवधी असतात.

तबकडी शाबूत असेल तर काय साधू शकतं याचं उदाहरण कोलंबिया अवकाशयानाचं. १ फेब्रुवारी २००३ रोजी ते परतीच्या वाटेवर वातावरणात शिरताना कोसळलं. झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची सुमारे ४०० मेगाबाइटची हार्ड डिस्क त्यात होती. ती काही महिन्यांनी टेक्सासमध्ये एका आटलेल्या तळ्यात सापडली, बाहेरून पार जळलेली. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या जॉन एडवर्ड्स यांनी तबकड्या स्वच्छ करून नव्या यंत्रणेत बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के डेटा मिळवला. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू ई’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात नशिबाचा वाटाही होता. प्रयोगाचा संगणक डॉस या जुन्या प्रणालीवर चालत होता, ती डेटा डिस्कभर विखरून ठेवत नसे, आणि खराब झालेल्या जागी काही लिहिलेलंच नव्हतं.

उलट तबकडीला काहीही इजा नसताना डेटा गेला असंही होतं. आधुनिक डिस्कवर एकदा नवं काही लिहिलं गेलं की त्याखालचं जुनं परत मिळत नाही. तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या एसएसडीत तर फाइल पुसल्यावर ट्रिम ही आज्ञा त्या जागा मोकळ्या करून टाकते आणि शोधायला मागे काही उरत नाही.

प्रकरण लॅबकडे न्यायची वेळ आलीच, तर डिस्क पडली होती का, आवाज कधी सुरू झाला, कोणते प्रोग्राम चालवून पाहिले, हे काहीही न लपवता सांगावं. कोणती फोल्डर हवीच आहेत त्यांची यादीही द्यावी. लॅबमधली उपकरणं एकेका हेडाने स्वतंत्रपणे वाचू शकतात. चारातलं एक हेड कच्चं असेल तर उरलेल्या तिघांकडचा डेटा आधी उतरवून घेतात, मग त्या चौथ्याकडून तबकडीची अख्खी बाजू न मागता यादीतल्या फाइलींचे सेक्टर तेवढे मागतात.